लेखनाच्या कोर्समध्ये हकनाक गुण घालवू नका : या चुका टाळा

वाङ्मयचौर्याची बरीचशी प्रकरणं निबंध लिहिताना नाही, टिपणं काढताना सुरू होतात. पुस्तकातलं वाक्य वहीत उतरवलं, अवतरणचिन्हं राहिली, पान क्रमांकही राहिला. काही आठवड्यांनी ते वाक्य आपलंच वाटू लागतं आणि जसंच्या तसं निबंधात जातं. म्हणून जे उतरवाल ते टिपणातच अवतरणात टाका, शेजारी पान क्रमांक लिहा आणि स्वतःचे विचार वेगळ्या रंगात ठेवा.

दुसरी चूक शब्द फिरवण्याची. वाक्याचा सांगाडा मूळचाच, फक्त अधूनमधून समानार्थी शब्द. लेखनशास्त्राच्या अभ्यासक रेबेका मूर हॉवर्ड यांनी याला ‘पॅचरायटिंग’ म्हटलं. अनेकदा ही चोरी नसून शिकण्यातला एक टप्पा असतो, असं त्यांचं मत. पण कॉलेजची नियमावली इतकी समजूतदार असेलच असं नाही! उतारा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल तसं लिहा आणि मगच मूळ मजकुराशी ताडून पाहा. शब्द सगळे तुमचे असले तरी कल्पना ज्याची, त्याचा संदर्भ हवाच.

टर्निटिन या मजकुरातलं साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालातला टक्का पाहून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. तो आकडा फक्त साम्य दाखवतो. नीट संदर्भ दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची मोजली गेली तर प्रामाणिक निबंधाचाही टक्का चढतो. उलट, चोरलेला एकच परिच्छेद ५ टक्क्यांत लपतो. टक्का कमी करायला शब्द बदलत बसणं म्हणजे पुन्हा पॅचरायटिंगच.

एआयबाबत ‘सगळेच वापरतात’ हा बचाव चालत नाही. एका कोर्समध्ये मुद्दे सुचवून घेणं चालतं, दुसऱ्यात व्याकरण तपासणंही नाही. लेखी नियम वाचा. सापडला नाही तर आधीच विचारा. चॅटबॉटनं दिलेले संदर्भ तर स्वतः उघडून पाहिल्याशिवाय वापरूच नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. एआय ओळखणारी साधनंही चुकतात: ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी मागे घेतलं. तेव्हा तुमच्या बाजूचा पुरावा तुम्हीच जपायला हवा. निबंध पहिल्यापासून एकाच गुगल डॉक्युमेंटमध्ये लिहा, म्हणजे बदलांचा इतिहास आपोआप राहतो.

जुना निबंध दुसऱ्या कोर्सला देण्याआधी दोन्ही शिक्षकांची परवानगी घ्या. मित्राला ‘नुसता बघायला’ म्हणून निबंध देऊ नका; त्यानं तो उतरवला तर चौकशी दोघांचीही होते.

आता गुणांचं गणित. समजा, निबंधाला २० टक्के वजन आहे आणि बाकी सगळ्यात तुम्हाला ८० टक्के आहेत. निबंध दिलाच नाही तर एकूण ६४. कच्चाच देऊन ५० टक्के मिळाले तरी ७४. शून्य इतकं महाग पडतं, आणि नेमकं तेच टाळायला मुलं आदल्या रात्री कॉपी करतात. उशिराचे गुण कापले गेले तरी स्वतःचा अर्धवट निबंध देणं परवडतं. मुदतवाढ मागायची तर मुदत संपण्याआधी मागा.

गुण कमी वाटले तर ‘मी खूप मेहनत घेतली’ असं सांगून उपयोग नाही. रुब्रिक, म्हणजे गुण देण्याच्या निकषांचा तक्ता, समोर ठेवा आणि कोणत्या निकषावर, कोणत्या परिच्छेदात गुण गेले ते विचारा.

आरोप झालाच तर काहीही पुसू नका, रागाच्या भरात उत्तर लिहू नका. टिपणं, कच्चे खर्डे आणि बदलांचा इतिहास घेऊन शिक्षकांना भेटा. चूक झाली असेल तर तसं सरळ सांगा. अपिलाची मुदत नियमावलीत लगेच शोधा आणि भेटीत काय ठरलं ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा.