फ्यूल पंप बदलायच्या आधी एवढं तरी तपासा

गाडी स्टार्ट होत नाहीये म्हटलं की बरेच जण लगेच 'पंप गेला' म्हणून मोकळे होतात, महागडा पंप बदलतात आणि गाडी तिथेच, कारण बिघाड असतो रिलेत (पंपाला करंट जोडणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच) नाहीतर वायरिंगमध्ये.

इंजेक्शनवाल्या (म्हणजे कार्बोरेटरऐवजी नोझलने पेट्रोल फवारणाऱ्या) बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि ते पेट्रोलच मोटर थंड ठेवतं, आतल्या भागांना वंगण पण तेच. म्हणून कायम रिझर्ववर गाडी चालवायची सवय खरंच सोडा, पाव टाकी तरी असू द्या.

आता तपासणी. सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा, मागच्या सीटच्या बाजूने दोन-तीन सेकंद घूंSS ऐकू येतं, म्हणजे पंप लाइनमध्ये प्रेशर भरतोय (काही गाड्यांत दार उघडल्यावरच भरतो, तेव्हा नीट कान द्या). आवाज नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले, फ्यूज बॉक्समध्ये अगदी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. काही गाड्यांत धडक बसल्यावर पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो, तो कधीकधी जोरात खड्ड्यात आपटल्यावरही ट्रिप होतो. कुठे गळती नाही ना ते बघूनच रिसेट करा. एवढं करूनही शांतच असेल तर पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. साध्या रिलेवरच्या पंपाला त्या दोन-तीन सेकंदांत बॅटरीइतकं व्होल्टेज मिळायला हवं, खूपच कमी दिसलं तर वायर किंवा अर्थिंग खराब, पंपाला दोष देऊ नका.

पंप वाजतोय पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी दम टाकते? मग फिल्टर चोक, पंपाची जाळी तुंबलेली किंवा पंपच थकलेला, हे अंदाजाने नाही कळत, प्रेशर गेज लावावाच लागतो. साध्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत ३ ते ४ बार असतं, पण तुमच्या मॅन्युअलचा आकडा धरा. डायरेक्ट इंजेक्शनला (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात ते) इंजिनवर वेगळा हाय-प्रेशर पंप असतो, त्या लाइनला घरी हात लावूच नका.

पंप काढायचाच असेल तर उघड्या हवेशीर जागी, ठिणगी-सिगारेट काही नको, अग्निशामक जवळ ठेवा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरी लाइन सोडताना फडकं धरा, थोडं पेट्रोल येतंच. जाळी आणि सील नवीनच टाका, जुनं सील परत बसवलं की टाकीवर पेट्रोलचा वास सुरू होतो. सगळं बसवल्यावर दोन-तीनदा नुसती चावी ऑन-ऑफ करा, जोडांवर ओल नाही ना ते बघा आणि मगच सेल्फ मारा.