रेड हॉट पोकर: हिवाळ्यात गड्डा कोरडा हवा

शेकोटीतले निखारे सारायची सळई तापून लाल होते, तसा या झाडाचा तुरा दिसतो, म्हणून इंग्रजांनी त्याला रेड हॉट पोकर म्हटलं. शास्त्रीय नाव निफोफिया. कळ्या खालून वर उमलत जातात आणि उमलल्या की पिवळ्या पडतात, त्यामुळे तुरा वर लाल, खाली पिवळा. हे आपल्या कोरफडीचं भावंड. १७५३ साली लिनियसने याची एक जात कोरफडीच्या वंशातच घातली होती.

इंग्लंडमध्ये मी लावलेलं पहिलं रोप मार्चपर्यंत कुजून गेलं. थंडीने मेलं असं मला वाटलं होतं. उपटल्यावर गड्डा हाताला लिबलिबीत लागला, तेव्हा कळलं की ते पाण्याने गेलं. याच्या बऱ्याच जाती दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रेकन्सबर्ग डोंगराकडच्या. तिथे पाऊस उन्हाळ्यात आणि हिवाळा आपल्यासारखाच कोरडा. इंग्लंडमध्ये हिवाळाभर झड लागलेली असते. म्हणून लावण्याआधीच पाण्याच्या निचऱ्याचा विचार करायचा.

जागा दिवसातून निदान सहा तास उन्हाची निवडा. जमीन चिकणमातीची असेल तर फक्त खड्ड्यात रेती घालू नका. माझी चूक तीच होती. आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि भांड्यात साठावं तसं साठतं. त्याऐवजी हातभर रुंदीचा पट्टा फावड्याने खोल खणा, भरपूर कंपोस्ट आणि बारीक खडी मिसळा, आणि माती आजूबाजूपेक्षा वीतभर उंच राहील असा उंचवटा करा. रोप त्याच्या माथ्यावर लावा. पानं जिथून फुटतात तो भाग मातीत गाडायचा नाही. मोठ्या जातींमध्ये ६० सेंटिमीटर अंतर ठेवा, बुटक्यांना ४५ पुरे.

इंग्लंडमध्ये लावायला एप्रिल-मे उत्तम, म्हणजे थंडीआधी मुळं धरतात. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा मुळापर्यंत पोचेल इतकं पाणी द्या. पुढेही तुरे येण्याच्या दिवसांत पाण्याची हयगय नको. झाड कोरफडीचं नातलग असलं तरी फुलायच्या वेळी तहानलेलं असतं. पहिल्या वर्षी तुरा आला नाही तरी उपटून जागा बदलू नका, याला हलवलेलं आवडत नाही.

तुरा सुकला की दांडा बुडाशी कापा. गोगलगाई पानांच्या बेचक्यात दडून रात्री कळ्या खातात, तेव्हा संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचणं हाच मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो.

आता खरं काम नोव्हेंबरचं. सदाहरित जातींची पानं कापू नका. ती वर गोळा करा आणि सुतळीने अंबाड्यासारखी बांधा. पाऊस बाहेरच्या बाजूने ओघळतो आणि मधला कोंब कोरडा राहतो. भोवती पालापाचोळा पसरा, पण गड्ड्याला टेकू देऊ नका. मार्चअखेर सुतळी सोडा, वाळकी पानं काढा, मूठभर खत द्या.

चार-पाच वर्षांनी मधला भाग विरळ झाला आणि तुरे कमी आले, तर वसंतात गड्डा उकरा आणि प्रत्येक तुकड्याला मुळं आणि निदान एक जोमदार फुटवा राहील असा धारदार सुरीने वेगळा करा. संकरित जातींचं बी पेरून तोच रंग मिळेल अशी आशा धरू नका. तीच जात हवी असेल तर असं विभाजनच करावं लागतं.

आफ्रिकेत या तुऱ्यांवर शिंजीर पक्षी मध प्यायला येतात. इंग्लंडमध्ये शिंजीर नाही, पण जूनच्या सकाळी भुंगे इतके लोटतात की आमच्या खिडकीपर्यंत गुणगुण ऐकू येते.