छोटा क्यूआर कोड स्कॅन होत नाही? या चुका टाळा

प्रदर्शनातल्या वस्तूवर, झाडाच्या पाटीवर किंवा पुस्तकाच्या कोपऱ्यात डोळ्यांत न भरणारा कोड हवा, म्हणून बरेच जण मोठा कोड सरळ लहान करून छापतात. तिथेच गाडं अडतं. आधी लिंक लहान करा, मग कोड आपोआप लहान होतो.

मराठी अक्षरं असलेली लिंक तर फार महाग पडते. लिंक कॉपी केली की त्यातल्या एकेका अक्षराची, काना-मात्रा-वेलांटीचीसुद्धा, नऊ-नऊ चिन्हं होतात. मराठी विकिपीडियावरच्या ‘शिवनेरी’ या पानाची लिंक अशी 93 चिन्हांची होते. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (एम; म्हणजे कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती मध्यम) तिला 41×41 चौकोनांचा कोड लागतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्याच लिंक लहान करण्याच्या सोयीने ती वीसेक चिन्हांवर आणली, तर 25×25 पुरतो.

आता छपाई. कोडभोवती चारही बाजूंनी चार-चार चौकोनांची कोरी कडा हवीच. म्हणजे 16.5 मिमीच्या स्टिकरवर लहान लिंकचा चौकोन 0.5 मिमीचा पडतो, लांब लिंकचा जेमतेम 0.34 मिमीचा. 203 डीपीआयच्या (म्हणजे एका इंचात 203 ठिपके छापणाऱ्या) लेबल प्रिंटरवर 0.5 मिमी म्हणजे बरोबर चार ठिपके. 0.34 मिमीला मात्र पावणेतीन ठिपके येतात. मग काही चौकोन दोन ठिपक्यांचे, काही तीनचे छापले जातात आणि कॅमेरा गोंधळतो. प्रिंटरला दोष देण्याआधी हा हिशेब करा.

कोड लपवायला रंग फिका करू नका. करड्यावर करडा, सोनेरी फॉइल, काळ्यावर पांढरा, हे सगळं एखाद्या फोनवर चालतं आणि दुसऱ्यावर रुसतं. लपवायचं तर जागा बदला: तळाशी, मागे, झाकणाच्या आत. चकचकीत लॅमिनेशनऐवजी मॅट घ्या. बरणीसारख्या गोल वस्तूवर कोड अरुंद ठेवा, नाहीतर कडा वळून दिसेनाशा होतात.

छापील खूण अजिबात नको असेल तर एनएफसी टॅग, म्हणजे फोन टेकवला की लिंक देणारी छोटी चिप, आहेच. एनटॅग 213 या प्रकारच्या टॅगमध्ये 144 बाइट जागा असते, लिंकला ती भरपूर. पण साधा टॅग तांब्या-पितळेच्या भांड्यावर चिकटवला तर मुका होतो, कारण धातू त्याचं चुंबकीय क्षेत्र मारतो. तिथे फेराइटचा (धातूपासून क्षेत्र वाचवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) थर असलेला ‘ॲन्टी-मेटल’ टॅगच घ्या. लिंक तपासून झाल्यावर टॅग लॉक करा, नाहीतर कुणीही फोन टेकवून त्यात भलतंच भरेल. कायमचं लॉक पुन्हा उघडत नाही, म्हणून आधी दोन-तीन वेगळ्या फोनवर चाचणी घ्या. आयफोनचा वरचा भाग टॅगला टेकवावा लागतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनची पाठ.