होम थिएटर लावताना या चुका टाळा: आधी क्रॉसओव्हर, मग ॲम्प्लिफायर

‘आवाज वाढवला की फाटतो. रिसीव्हर कमी पडतोय, वेगळा ॲम्प्लिफायर घेऊ का?’ असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्याच्या, स्पीकर सेटिंगमध्ये ‘लार्ज’ आहे की ‘स्मॉल’?

‘लार्ज’ म्हणजे सगळा बास त्या स्पीकरकडेच जातो; ‘स्मॉल’ म्हणजे खालचा बास सबवूफरकडे, म्हणजे फक्त बाससाठीच्या स्पीकरकडे, वळतो. बऱ्याचदा ‘लार्ज’च निघतं. माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हरने स्वतःच मोजून केलेली जुळणी) केलं की भिंतीलगतच्या स्पीकरचा बास फुगलेला दिसतो आणि रिसीव्हर त्याला ‘लार्ज’ ठरवून मोकळा होतो. मग पाच इंची वूफरवर ४० हर्ट्झचा धमाका येऊन आदळतो. वूफरचा कोन (पडदा) जागच्या जागी धडपडतो, संवाद गढूळ होतात आणि ॲम्प्लिफायरची ताकद नको तिथे खर्च होते. सबवूफर असेल तर टॉवर स्पीकरसुद्धा खुशाल ‘स्मॉल’ करा. त्यात स्पीकरचा काही अपमान नाही.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या आकड्याखालचा आवाज स्पीकरऐवजी सबवूफरकडे जातो तो, ठरवा. सुरुवात ८० हर्ट्झपासून करा. थिएटरच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सचाही हाच आकडा आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात खालची मर्यादा ६५ हर्ट्झ असेल तर ९० किंवा १०० ठेवा. मुठीएवढ्या सॅटेलाइट स्पीकरना १२० ते १५० लागतं, पण तिथे सबवूफर समोरच्या स्पीकरांजवळच हवा, नाहीतर पुरुषांचे आवाज कोपऱ्यातून घुमल्यासारखे येतात. कॅलिब्रेशनने सुचवलेल्या आकड्याच्या वर जायला हरकत नाही. खाली मात्र जाऊ नका.

सबवूफरच्या मागे क्रॉसओव्हरची आणखी एक चकती असते. ती कमाल आकड्यावर किंवा ‘एलएफई’वर (सिनेमातला बासचा वेगळा चॅनल) ठेवा. ती ८० वर आणि रिसीव्हरही ८० वर असेल, तर एकाच जागी दोन गाळण्या लागतात आणि मधला बास गायब होतो. मेनूतला ‘एलएफईसाठी लो पास’ वेगळा, तो १२० वरच राहू द्या. कॅलिब्रेशननंतर सबवूफरचं अंतर टेप लावून मोजल्यापेक्षा जास्त दिसलं तर ‘दुरुस्त’ करू नका; सबच्या सर्किटमधला विलंब त्यात धरलेला असतो. सबवूफरचा फेज (स्पीकरच्या लहरींशी त्याचा मेळ) ० की १८०, हे नेहमीच्या जागी बसून ठरवा. ८० हर्ट्झचा टोन लावा, ज्या सेटिंगला तो मोठा ऐकू येईल ते बरोबर.

एवढं झाल्यावरही आवाज फाटत असेल तरच ॲम्प्लिफायरकडे वळा. खोक्यावरचे ‘१५० वॅट’ बहुधा एकच चॅनल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) धरून छापलेले असतात. ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू असतानाचा आकडा शोधा. तो बराच लहान निघतो.

आता हिशोब. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (१ वॅटला १ मीटरवर मिळणारा आवाज) ८८ डेसिबल, सोफा ३ मीटरवर. मोकळ्या जागेच्या नियमाने तिथवर साडेनऊ डेसिबल घटतात. म्हणजे ९० डेसिबलच्या टोकासाठी साधारण १४ वॅट पुरतात. पण १०५ डेसिबल हवे असतील, म्हणजे थिएटरच्या रेफरन्स पातळीचं टोक, तर साडेचारशेच्या घरात वॅट लागतील. बंद हॉलमध्ये भिंतींची थोडी मदत मिळते, तरी फ्लॅटमध्ये त्या आवाजाला लावून बघाच, खालचे काका दोन मिनिटांत दारात. ८० वॅटचा १०० वॅट केला तर जेमतेम एक डेसिबल पदरात पडतो. त्यापेक्षा ९१ डेसिबलचे स्पीकर घेतलेले बरे, तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते.

४ ओहमचे, कमी सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर आणि मोठा हॉल असेल तर वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर खरंच लागतो. पैसे देण्यापूर्वी रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणाऱ्या जोडण्या) आहेत का ते मागे वाकून बघा. स्वस्त मॉडेलांत फक्त सबवूफरचा असतो. आणि रिसीव्हर मध्येच बंद पडत असेल तर आधी तारेचा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला चिकटलाय का, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात रिसीव्हर तापतोय का, हे तपासा. मेनूतला इम्पिडन्स (स्पीकरचा ओहममधला रोध) ४ ओहमवर नेऊ नका. बऱ्याच रिसीव्हरमध्ये त्याने व्होल्टेजच कमी होतं, आणि आवाज आधीपेक्षा लवकर फाटतो.