ऑरलँडोत दोघंच असाल तर एक दिवस पार्कविना

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोला दोघंच जात असाल तर रोज एक थीम पार्क असा बेत आखू नका. एकट्या डिस्ने वर्ल्डमध्येच चार मोठे पार्क आहेत. लागोपाठ चार दिवस रांगा लावल्या की घरी परतल्यावर वेगळी सुट्टी काढावी लागते! एक दिवस पार्क, दुसरा मोकळा, एवढं जमवा.

मोकळ्या दिवशी विंटर पार्कला जा. नावात पार्क असलं तरी ते ऑरलँडोच्या उत्तरेला लागून असलेलं जुनं, गर्द झाडीचं गाव आहे. तिथे १९३८ पासून चालणारी बोटफेरी आहे. तासाभराची, तळ्यांमधून आणि त्यांना जोडणाऱ्या कालव्यांमधून. कालवे इतके अरुंद की काठावरची झाडं अगदी अंगावर येतात, आणि मागे बंगल्यांची अंगणं थेट पाण्यात उतरलेली. बोटीला छप्पर नाही, म्हणून टोपी, गॉगल घ्या आणि सकाळचीच फेरी गाठा. जून ते सप्टेंबर दुपारी विजांसह पाऊस जवळपास ठरलेला. रोख डॉलरही जवळ असू द्या.

डिस्नेची रात्रीची आतषबाजी पाहायलाही पार्कचं तिकीट लागतंच असं नाही. डिस्नेच्या काही रिसॉर्टांना जोडणारी मोनोरेल, म्हणजे एका रुळावर धावणारी गाडी, फुकट आहे. तिने पॉलिनेशियन रिसॉर्टला उतरा आणि तळ्याकाठच्या वाळूवर बसा. समोर, पाण्यापलीकडे मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कातला किल्ला दिसतो. आतषबाजीची वेळ मात्र त्या दिवशीची बघून निघा, ती बदलत असते.