मृतांच्या दिवसासाठी सामुदायिक ओफ्रेंदा कशी मांडावी

मेक्सिकोत दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला ‘दिया दे मुएर्तोस’, म्हणजे मृतांचा दिवस, पाळला जातो. निवर्तलेली माणसे या काळात आपल्या घरी पाहुणी येतात, अशी श्रद्धा असून त्यांच्या स्वागतासाठी जी वेदी मांडतात तिला ओफ्रेंदा म्हणतात. २००८ मध्ये युनेस्कोने या परंपरेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. घरातली ओफ्रेंदा एका कुटुंबाची असते, तर चौकात, शाळेत किंवा वाचनालयात अनेक कुटुंबे मिळून एकच वेदी उभारतात. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजलिस येथील मेक्सिकन वंशाच्या कलावंतांनी १९७०च्या दशकात अशा सार्वजनिक वेद्यांची प्रथा अमेरिकेत रुजवली, त्यामुळे तिथल्या मराठी कुटुंबांनाही शेजाऱ्यांबरोबर या कामात हातभार लावण्याची संधी मिळू शकते.

आधी माणसे, मग सजावट

बहुतेक जण कागद आणि रंग आणण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात नावांपासून व्हावी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहभागी कुटुंबांकडून मृतांची नावे, छायाचित्रे आणि प्रत्येकाच्या आवडीची एक-दोन वस्तू किंवा पदार्थ यांची यादी करावी. मूळ छायाचित्र न घेता त्याची प्रत घ्यावी आणि तिच्या मागे नाव व देणाऱ्या कुटुंबाचा संपर्क लिहावा. हयात व्यक्ती दिसत असलेले छायाचित्र वेदीवर ठेवत नाहीत, म्हणून सामूहिक फोटोतून हवा तेवढाच भाग काढून घ्यावा. कोळ्यांची जाळी, भुते, चेटकिणी यांना इथे जागा नाही. हा हॅलोविनचा देखावा नव्हे.

कागदी पताका

‘पापेल पिकादो’ या नक्षीदार पताकांसाठी पुएब्ला राज्यातील सान साल्वादोर उइस्कोलोत्ला हे गाव प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर पातळ कागदांची जाड चळत रचून तिच्यावर नमुना ठेवतात आणि छिन्नी-हातोडीने एकदमच सगळ्या कागदांवर नक्षी कोरतात. सामुदायिक कार्यशाळेत, विशेषतः मुले असतील तर, कात्री पुरते. पतंगाच्या कागदाचे साधारण २५ बाय ३५ सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि वरची तीन सेंटिमीटरची पट्टी दोरीसाठी कोरी सोडावी. तुकडा उभा दोनदा दुमडून घडीच्या कडांवर त्रिकोण, अर्धवर्तुळे आणि पाकळ्या कापाव्यात; दोन छेदांमध्ये बोटभर तरी कागद राहू द्यावा, नाहीतर उलगडताना पताका फाटते. एका वेळी चार-पाच कागदांपेक्षा जास्त घेतल्यास कात्री सरकते आणि खालच्या कागदांवरची नक्षी बिघडते. वरची पट्टी दोरीवरून मागे वळवून कोरड्या गोंदकांडीने चिकटवावी, कारण पातळ गोंदाने कागदाचा रंग पसरतो.

साखरेच्या कवट्या

या कामात सर्वाधिक गर्दी जमते आणि सर्वाधिक घोटाळाही इथेच होतो. मेक्सिकोतील तोलुका शहरात या सणाच्या सुमारास साखरेच्या अशा मिठाईची मोठी जत्रा भरते. तेथील कसबी लोक गरम पाक साच्यात ओततात, पण नवख्यांनी, विशेषतः मुलांसह काम करताना, त्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी तीन कप बारीक दाणेदार साखर आणि बेकरी सामानाच्या दुकानात मिळणारी तीन छोटे चमचे मेरँग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या बलकाची भुकटी) नीट मिसळावी आणि तिच्यावर तीन छोटे चमचे पाणी शिंपडत हाताने चोळावे. मुठीत दाबल्यावर बोटांचे ठसे टिकले, तर मिश्रण जमले असे समजावे. ते कोरडे वाटले तर पाणी थेंबाथेंबानेच वाढवावे. साच्यात घट्ट दाबून भरावे, वरचा भाग सपाट करावा, त्यावर पुठ्ठा ठेवून साचा उलटा करावा आणि हलकेच उचलावा. कवट्या रात्रभर वाळू द्याव्यात. हवा दमट असेल तर त्या वाळत नाहीत, म्हणून पावसाळी दिवस टाळावा. दुसऱ्या दिवशी घट्ट आयसिंगने डोळ्यांभोवती फुले काढून कपाळावर नाव लिहावे. मेक्सिकोत मित्राला त्याचेच नाव लिहिलेली कवटी भेट देतात आणि घेणारा ती हसत स्वीकारतो. अनेक हातांतून गेलेल्या कवट्या शोभेपुरत्याच ठेवाव्यात.

वेदीची उभारणी

वेदीच्या पायऱ्या दोन, तीन किंवा सात असतात. दोन असल्या तर त्या स्वर्ग आणि पृथ्वी दर्शवतात. तिसरी जोडल्यास मध्ये शुद्धीलोक, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो ती जागा, येतो. सार्वजनिक जागेत तीन पुरतात. भिंतीला लावलेल्या टेबलावर मजबूत लाकडी खोकी रचून पांढरी चादर घालावी आणि वरची पायरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा वर जाऊ देऊ नये. बांबू किंवा उसाची कमान बांधून तिच्यावर झेंडूच्या माळा सोडाव्यात. मराठी घरांत माळ ओवणे कुणाला शिकवावे लागत नाही, आणि दसऱ्याला आपण ज्याचे तोरण लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. दारापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट करावी. गंध आणि रंगाच्या खुणेने आत्म्याला घर सापडते, असे मानतात. पाकळ्या लवकर सुकतात, त्यामुळे वाट ३१ ऑक्टोबरलाच घालावी.

वरच्या पायऱ्यांवर छायाचित्रे आणि मधल्या पायरीवर अन्न ठेवावे: ‘पान दे मुएर्तो’ हा हाडांच्या आकारांनी सजवलेला गोड पाव, तामाले (मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून वाफवलेले मुटके) आणि ज्याच्या त्याच्या आवडीचा पदार्थ. पितृपक्षात पान वाढणाऱ्या वाचकाला यामागची भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. प्रवासाने तहानलेल्या पाहुण्यासाठी पाण्याचा पेला, शुद्धीसाठी मीठ, मुलांसाठी खेळणी आणि प्रत्येक मृतासाठी एक मेणबत्ती असते. अनेक ठिकाणी बालकांचा दिवस १ नोव्हेंबर आणि प्रौढांचा २ नोव्हेंबर मानतात, त्यामुळे बालकांच्या वस्तू आधी मांडाव्यात. ज्यांची आठवण काढणारे कुणी उरले नाही, अशांसाठीही एक मेणबत्ती लावतात. सामुदायिक वेदीवर ती अवश्य असावी.

कोपाल नावाच्या झाडाच्या राळेचा धूप कोळशावर जाळतात. बंद सभागृहात धुराची सूचना देणारी यंत्रे असतील तर आधी व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी. पताका मेणबत्त्यांपासून किमान हातभर दूर ठेवाव्यात, मेणबत्त्या काचेच्या पेल्यातच असाव्यात आणि कुणीतरी सतत जवळ बसावे. जागा सोडताना दिवे विझवलेच पाहिजेत. बॅटरीच्या मेणबत्त्या दिसायला साध्या वाटतात, पण शाळेत त्याच योग्य.

२ नोव्हेंबरनंतर

मिचोआकान राज्यातील पात्स्क्वारो सरोवराच्या काठी १ नोव्हेंबरची रात्र लोक दफनभूमीत मेणबत्त्यांच्या उजेडात जागून काढतात. शहरातील वेदी मात्र बहुधा २ तारखेच्या संध्याकाळपर्यंत ठेवतात. त्यानंतर खाण्याजोगे पदार्थ सर्वांत वाटून खावेत, बाहेर राहून खराब झालेले टाकून द्यावेत आणि छायाचित्रे यादीशी ताडून कुटुंबांकडे परत करावीत. फुले खतासाठी वापरावीत. पताका मात्र सपाट घडी करून कोरड्या खोक्यात ठेवल्यास पुढच्या वर्षीही उपयोगी पडतात.