बलू फॉन्टमध्ये बॅनर करायचाय? मग हे बघून घ्या

सोसायटीच्या गणपतीत पोरांच्या चित्रकला स्पर्धेचा बॅनर करायचा म्हटलं की मी डोळे झाकून बलू २ घेतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा जाडजूड, गोलसर फॉन्ट, कुठे टोक म्हणून टोचत नाही, अक्षरं जेवून सुस्तावल्यासारखी दिसतात. गुजरातीला बलू भाई, बंगालीला बलू दा, पंजाबीला बलू पाजी, अशी भावंडं पण आहेत, आता असल्या नावांना कोण नावं ठेवणार!

गूगल फॉन्ट्सवरून फुकटात उतरतो, धंद्याच्या कामालाही चालतो, फक्त नुसती फॉन्टची फाइल विकायची नाही. झिप उघडली की आत स्टॅटिक नावाचं फोल्डर दिसेल, जुनं कोरल (कोरलड्रॉ, डिझाइनचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यातल्याच फाइली इन्स्टॉल करा, व्हेरिएबलवाली (सगळ्या जाड्या एकाच फाइलीत असलेली) तिथे नीट चालत नाही.

रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच जाड्या आहेत. मोठ्या ओळीला एक्स्ट्राबोल्ड, तारीख-वेळेला मीडियम, बास. आणि एक्स्ट्राबोल्ड घेतल्यावर परत वरचं ‘B’ (बोल्ड) बटण दाबू नका हो, सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने अजून फुगवतं आणि ‘क्ष’, ‘ळ’च्या पोटातली जागा बुजून जाते, लांबून नुसता डाग दिसतो. नियमावलीचा बारीक मजकूर यात लावू नका, चार ओळीत डोळे शिणतात, त्याला सरळ मुक्ता घ्या (तो पण ‘एक टाइप’वाल्यांचाच). आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला तर नकोच, मी एकदा पाहिलाय, गेलेला माणूस वाढदिवस साजरा करतोय असं वाटत होतं.

इंग्रजीत अक्षरं एकमेकांपासून लांब लांब करायची सवय असते ती मराठीत करायची नाही, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र थोडं सैल ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

जुन्या फोटोशॉपमध्ये ‘चित्रकला’ची वेलांटी ‘च’च्या पुढे उडी मारून बसली किंवा ‘स्पर्धा’चा रफार सुटून वेगळा पडला तर फॉन्टला शिव्या देऊ नका, प्रेफरन्समध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, मग नवीन फाइलमध्ये टाइप करून बघा. माझी टेस्ट ठरलेली आहे, ‘कुऱ्हाड, दऱ्या, कर्तृत्व’ टाइप करायचं, हे तीन नीट आले की पुढे जायचं.

शेवटी प्रिंटिंगला देताना कोरलमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू, म्हणजे अक्षरांचे कर्व्ह (नुसते आकार) होतात आणि दुकानदाराकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. माझा एक बॅनर कर्व्ह न करता दिला होता तो चौकोन चौकोन छापून आला, पैसे गेले ते गेलेच. पण कर्व्ह केल्यावर एक काना पण बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, कारण रात्री अकरा वाजता प्रमुख पाहुणे बदलतात म्हणजे बदलतातच.